शाळूचं रान

माझं माहेर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं आणि सासर उजनीच्या कालव्याखालचं. बैलगाडीनं निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचावं एवढंच अंतर, पण लग्न होऊन आले तेव्हा मी वेगळ्याच मुलखात आले. माहेरी नजर जाईल तिथवर शाळू. सासरी कालव्याचं पाणी नुकतंच आलेलं आणि जो तो उसाच्या मागे लागलेला. घरात भाकरीच होती, पण ज्वारी बाजारातून विकत आणलेली. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी विकत आणतात, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. माहेरी सांगितलं तर आईला खरं वाटेना. ती म्हणाली, "आगं, मग ती शेतात करतात तरी काय?"

बाहेरच्यांना रब्बीची ज्वारी म्हणजे काय ते नीट ठाऊक नसतं, म्हणून सांगते. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालत राहायचं. उत्तरा-हस्ताचा पाऊस जमिनीत मुरला की वाफसा बघून पाभर धरायची. त्यानंतर वरून थेंब पडला नाही तरी चालतं. खोल काळी माती पोटात ओल धरून ठेवते, शाळूच्या मुळ्या त्या ओलीमागे खाली खाली जातात, आणि थंडी वाढेल तसं पीक वर येतं. कणीस भरेपर्यंत रानाला हातभर भेगा पडलेल्या असतात. विहीर नाही, मोटर नाही, खताचं पोतंही क्वचितच. आमच्याकडं मालदांडी पेरत. तिच्यातून निवडून काढलेलं ३५-१ हे वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि नंतर नवी वाणं किती आली तरी घरोघरी बी म्हणून तेच राहिलं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, त्या कोठारांत दुसरं काय असणार, शाळूच असणार, असं आम्ही मंगळवेढेकर आपलं ठरवून टाकलेलं आहे.

पेरायला सोपं आणि वाढवायला सोपं हे पीक काढायला मात्र जीव घेतं. आमच्याकडं शाळू कापत नाहीत, उपटतात. कापला तर धसकटं रानात राहतात आणि पुढच्या मशागतीला आडवी येतात, शिवाय बुडाचा तेवढा कडबा वाया जातो. फेब्रुवारीत जमीन दगडासारखी झालेली असते. दोन्ही हातांनी ताट धरायचं, कमरेतून वाकून झटका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि मागं टाकायचं. सकाळी दव असेपर्यंत बरं. ऊन चढलं की पान करवतीगत लागतं. पहिल्या दोन दिवसांत तळहाताला फोड, मग ते फुटतात, मग त्यावर फडकं गुंडाळून पुन्हा तेच. रात्री आई माझ्या हाताला करडईचं तेल चोळायची आणि चोळता चोळता तिच्याच हाताच्या भेगा मला टोचायच्या. उपटून झालं की पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा, मग बायकांनी बसून कणसं मोडायची, मग खळं.

ही सगळी कामं गावात माणूस होतं म्हणून व्हायची. काढणीला येणाऱ्याला रोख मजुरी कमी, धान्य आणि पेंढ्या जास्त. सुतार, लोहार, चांभार यांचं वर्षाचं देणं खळ्यावरच चुकतं व्हायचं. त्यात वाटणी सगळ्यांची सारखी होती असं मी म्हणणार नाही. खळ्याच्या कडेला उभं राहून वाट बघणारी माणसं मला आठवतात, आणि मापात किती घालायचं ते घालणाऱ्याच्या मनावर असायचं. त्यांच्या पोरांनी शहर गाठलं, रोख पगार घेतला, हे बरंच झालं. पण शाळू त्या स्वस्त हातांवर उभा होता, ही गोष्ट ज्वारीचे गोडवे गाणारे सहसा बोलत नाहीत.

घरात लागेल एवढी ज्वारी कणगीत, उरलेली पेवात. आमच्या वाड्याच्या अंगणात पेव होतं. तोंड माणूस उतरेल एवढं, खाली पोट मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वरून फरशी आणि माती. पेव उघडलं की पुष्कळ वेळ तसंच सोडायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. आम्हा पोरांना त्या भोकाच्या आसपास फिरकू देत नसत. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास यायचा, काहींना तो आवडायचाही.

बहात्तरच्या दुष्काळात ते पेव रिकामं झालं. मी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी तांबूस व्हायची, निवली की वातड. आई-आण्णा खडी फोडायच्या कामावर जायचे, तिथं सुकडी वाटायचे, त्यातली थोडी फडक्यात बांधून आमच्यासाठी यायची. आण्णांना मिलोपेक्षा वाईट वाटायचं ते बैलांचं. कडबा संपला आणि बैल कवडीमोलानं गेले. पुढं पाऊस आला, पण आधीइतके बैल गावात परत आले नाहीत.

त्याच काळात खरिपाच्या मुलखात संकरित ज्वारी आली. पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, १९६४चं. बुटकं ताट, भरगच्च कणीस, उत्पन्न दुप्पट-तिप्पट. आमच्याकडं त्याला नुसतं 'हायब्रीड' म्हणत. पण ती ऐन पावसात तयार व्हायची, दाणा काळा पडायचा, आणि भाकरीला चव नाही म्हणून लोक नाकं मुरडायचे. खरिपाची ज्वारी सोयाबीन आणि कापसानं हळूहळू हटवली. रब्बीचा शाळू तगला, कारण कोरड्या काळ्या रानात त्याच्याजागी दुसरं काही येतच नव्हतं. पाणी येईपर्यंत.

उजनी धरण १९८०ला पूर्ण झालं आणि कालवे सरकत सरकत पुढं आले. माझ्या सासऱ्यांनी कालव्याचं पाणी शिवारात आलं त्याच साली ऊस लावला. त्यांचा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. कोरडवाहू शाळू चांगल्या सालात एकरी पाच-सहा क्विंटल. २०२४-२५ला मालदांडीचा हमीभाव होता क्विंटलला ३,४२१ रुपये. पाच क्विंटल धरले तर सतरा हजार, त्यातून काढणी आणि मळणी वजा. कडब्याचे पैसे त्यात धरले तरी उसाच्या बिलाशी बरोबरी होत नाही. ऊस कारखाना तोडून नेतो, तोडायला टोळी बाहेरून येते, घरच्याच्या हाताला फोड येत नाही. पोरीच्या लग्नाला उसावर उचल मिळते, शाळूवर कोण देणार? सासूबाई मात्र उसाच्या पट्ट्यातून एखादा वाफा शाळूला मागायच्या. हुरड्यापुरता. सासरे हसायचे आणि द्यायचे नाहीत.

आता चुलीबद्दल. माझ्या माहेरी आई रोज पहाटे तीस-पस्तीस भाकरी थापायची, आणि घरी गडी असले की त्याहून जास्त. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ती लाटता येत नाही. उकळतं पाणी घालून पीठ रगडून रगडून मळायचं. दळून चार दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग भाकरी काठाला चिरते, उचलताना मोडते. म्हणजे पीठ थोडं थोडं आणि सारखं दळून आणायचं. एकेक भाकरी परातीत थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायची, आरावर फुगवायची. एकीकडं जाळ, दुसरीकडं धूर. पोळ्या करून डब्यात ठेवता येतात. ज्वारीची भाकरी गरम खाल्ली तरच तिची खरी चव. म्हणजे बाई शेवटचं माणूस उठेपर्यंत चुलीपुढं. माझ्या जावेला तर भाकरी यायचीच नाही, तिच्या माहेरी गव्हाचं खाणं होतं, आणि त्यावरून तिनं ऐकलेले टोमणे मी ऐकलेत. आम्ही दोघींनी आमच्या मुलींना भाकरी शिकवायचा आग्रह धरला नाही. त्याबद्दल कुणी बोल लावला तर लावू दे.

घरात गहू आणला तो रेशननं. आमच्या लहानपणी पोळी सणाला आणि पाहुण्याला. मग रेशनचा गहू दर महिन्याला येऊ लागला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू २ रुपये किलो झाला, २०२३पासून तर फुकट. त्या कायद्यात भरडधान्यही १ रुपयानं द्यायचं लिहिलेलं आहे, पण आमच्या दुकानात येतो तो गहू आणि तांदूळ. फुकटचं धान्य डब्यात असताना हाताला फोड आणून कोण शाळू पेरील? शिवाय पोरांच्या डब्यात पोळी असली की घर सुधारलेलं, हे होतंच. भाकरी नेणारं पोर शाळेत डबा झाकून खायचं.

माहेरी दादा अजून शाळू करतो. आधी सगळं रान शाळूचं असायचं, आता त्यातला एक तुकडा. त्याच्या तोंडून जे ऐकलं ते मला कुठल्या भाषणात ऐकायला मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "मजुराचं एक वेळ जमवीन गं, पाखरांचं काय करू?"

पूर्वी शिवारभर शाळू असायचा. थंडीत भोरड्यांचे थवे यायचे, कुठून तरी मध्य आशियातून येतात म्हणे, आकाश काळं व्हायचं. त्या थोडं याच्या रानात, थोडं त्याच्या रानात बसायच्या. पाखरं खाऊन खाऊन किती खातील, सगळ्यांत वाटून जायचं. आण्णा तर म्हणायचे, त्या अळ्या-टोळही खातात, त्यांचा वाटा त्यांना द्यावा. माळ्यावर आम्ही पोरं गोफण घेऊन उभी असायचो, पण त्यात राखणीपेक्षा दंगाच जास्त. आता शेजारी ऊस, पलीकडं मका, त्यापुढं डाळिंब. दाणा भरलेला शाळू एकट्या दादाचा. सगळ्या शिवारातली पाखरं त्या तुकड्यावर उतरतात. हरणं आणि रानडुकरंही तिथंच. गोफण मारायला पोरं नाहीत, ती शाळेत, आणि ती शाळेतच असावीत. दादानं चकाकत्या फिती बांधल्या, कॅसेटची जुनी टेप ताणून बघितली, फटाके लावले. कणसांना पिशव्या बांधायचं तेवढं बाकी आहे. राज्य झालं तेव्हा महाराष्ट्रात ज्वारी साठ लाख हेक्टरांवर होती, आता वीस लाखही भरत नाही. एकेकानं शाळू सोडला की मागं राहिलेल्याचं नुकसान वाढतं, मग तोही सोडतो. शेजाऱ्यानं पेरला तरच हे पीक आपल्याला परवडतं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा तालुक्याच्या गावी फलक लागले, भाषणं झाली. पुण्याला लेकीकडं गेले तर तिनं ज्वारीची बिस्किटं पुढं केली. पुड्यावर मोठ्या अक्षरांत ज्वारी, मागं बारीक अक्षरांत मैदा. डॉक्टरांनी जावयाला साखरेसाठी भाकरी खायला सांगितली आहे, म्हणून एका बाईकडून रोज भाकरी विकत येतात. ती बाईही आमच्याच भागातली निघाली. तिचं घर त्या भाकरीवर चालतं, याचं मला बरं वाटलं. बाजारात चांगली मालदांडी गव्हाहून महाग झाली आहे; पण ती महाग झाली ती पेरणारे कमी झाले म्हणून, आणि दादाच्या गल्लीतली बाई ती घेत नाही. ती रेशनचा गहूच दळून आणते.

दादाला विचारलं, मग तू का करतोस? त्याचं उत्तर साधं होतं. त्याच्याकडं एक बैलजोडी आणि दोन म्हशी आहेत. उसाच्या वाड्यावर आणि मुरघासावर म्हशी दूध देतात, पण बैल त्याला कडब्यावरच ठेवायचे आहेत. धान्य पाखरांनी नेलं तरी ताट त्याचं राहतं. वहिनीला भाकरीच लागते, पोळीनं तिचं पोट भरत नाही. आणि वेळ अमावास्येला रानात पेंढ्यांची कोप करायला स्वतःचा कडबा हवा. गेल्या खेपेला भावकीतले तिघे त्याच्याकडूनच पेंढ्या घेऊन गेले.

बी तो विकत आणत नाही. उभ्या पिकातून ठसठशीत कणसं निवडतो आणि आढ्याला टांगतो. पूर्वी पेरणीच्या तोंडावर लोक बी बदलून न्यायला यायचे. बरीच वर्षं कुणी आलं नव्हतं. यंदा वस्तीवरचा एक पोरगा आला, पायली दोन पायली बी दे म्हणाला. वहिनी हरखली, चहा टाकला. बोलता बोलता कळलं, त्याला कणसं नको होती. नव्या संकरित गाईंसाठी कडवळ करायचं होतं, दाट पेरून निसवायच्या आधीच कापायचं.

दादानं बी दिलं. पैसे घेतले नाहीत. वर दारापर्यंत जाऊन त्याला बजावलं, "गुडघ्याएवढं असताना गाईला घालू नको, पाण्याचा ताण पडलेलं तर अजिबातच नको. विष चढतं. फुलोऱ्यावर येऊ दे, मग काप." पोराला हे ठाऊक नव्हतं. त्यानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "काका, जरा पुन्हा बोला, रेकॉर्ड करून ठेवतो."