तळघराचे जिने

बँड आता येईल, मग येईल म्हणून मी दोन तास बसून राहिले होते.

साल २००८. कंपनीने टोकियोला पाठवून मला तीन आठवडे झाले होते. काताकाना ही परक्या शब्दांसाठीची लिपी तेवढी घोकून गेले होते, त्यामुळे एका गल्लीत ‘जाझु’ अशी पाटी वाचता आली आणि मी हरखून जिना चढले. आत अंधार. सगळ्या खुर्च्यांची तोंडं एकाच भिंतीकडे आणि त्या भिंतीशी कपाटाएवढे दोन स्पीकर. पाच-सहा पुरुष, सगळे एकेकटे. एकजण डोळे मिटून, एकजण कादंबरीत डोकं घालून. काउंटरमागचा म्हातारा एक रेकॉर्ड संपली की दुसरी लावायचा आणि जी चालू असेल तिचं कव्हर सगळ्यांना दिसेल असं एका फळीवर उभं करायचा. मला वाटलं, लग्नात सनईवाले पोचेपर्यंत कॅसेट लावतात तसं हे असणार. शेजारच्याला हळूच विचारलं, “बँड किती वाजता?” त्याने ओठांवर बोट ठेवलं.

कॉफी थंड झाली, तिच्यावर साय धरली. शेवटी पैसे देताना म्हाताऱ्याला ‘लाइव्ह?’ म्हणून विचारलं, तेव्हा त्याने मान हलवली आणि मोठ्या अभिमानाने त्या दोन स्पीकरांकडे हात केला.

‘जाझु किस्सा’ म्हणजे काय ते असं कळलं. किस्सा म्हणजे कॉफी पिण्याची जागा. युद्धानंतरच्या काळात परदेशी रेकॉर्ड विद्यार्थ्याला परवडणाऱ्या नव्हत्या, चांगला ग्रामोफोन तर त्याहून नाही. मग एका कॉफीच्या पैशात तासन् तास बसून ऐकायचं. योकोहामातलं ‘चिगुसा’ तर १९३३ सालचं. कादंबरीकार हारुकी मुराकामी लेखक होण्याआधी असंच एक दुकान चालवत होते. बऱ्याच ठिकाणी बोलायला बंदी. इराण्याकडे बन-मस्का खात गप्पा हाणणाऱ्या माणसाला ही कॉफी पचायला वेळ लागतो.

पण मला माणसं वाजवताना बघायची होती. ही सवय बाबांनी लावलेली. बाबा बँकेत होते आणि मुळात भीमसेन, कुमार ऐकणारे. बँकेतल्या एका गोवेकर सहकाऱ्याने एकदा त्यांना धोबी तलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रे’ला नेलं, आणि पुढच्या खेपेला ते मलाही घेऊन गेले. उघड्या आभाळाखाली एक लठ्ठ माणूस गाल फुगवून सॅक्सोफोन वाजवत होता, एवढंच मला आठवतं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनातले कार्यक्रमच थांबले. त्यामुळे टोकियोला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी थंडीचे कपडे, डाळी, कुकर यांच्या यादीत शेवटी एक ओळ घातली होती: तिथे जॅझ भरपूर आहे म्हणतात, बघ.

भरपूर आहे, पण जमिनीखाली आहे. भाडं तळघराचं कमी आणि आवाजाचा त्रासही शेजाऱ्यांना कमी. रस्त्यावर दिसते ती फक्त हातभर पाटी, तिच्यावर खडूने लिहिलेली आजची नावं आणि खाली उतरणारा अरुंद जिना. खाली काय आहे ते वरून दिसत नाही. मी कित्येकदा वरच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले आहे. दार उघडल्यावर आठ माणसं एकदम वळून बघतील, आपल्याला काही बोलता येणार नाही, आत बाई एकही नसेल, असं काय काय मनात यायचं. गंमत म्हणजे त्या शहरात रात्री अकराला एकटीने घरी जायची भीती मला कधी वाटली नाही. भीती त्या बारा पायऱ्यांची.

माहिती मिळायची ती कागदांवरून. शिंजुकूच्या जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात दाराशी पत्रकांचा ढीग असायचा. प्रत्येक क्लबचं महिन्याचं वेळापत्रक, तारखेपुढे वादकांची नावं. नावं सगळी कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांत, माझ्या दृष्टीने नुसती जाळी. पण प्रत्येक नावापुढे वाद्य मात्र रोमन अक्षरात: ‘पी’ म्हणजे पियानो, ‘बी’ म्हणजे बेस, ‘डीएस’ ड्रम्स, ‘टीएस’ टेनर सॅक्सोफोन. त्यामुळे बराच काळ मला कोण वाजवणार ते कळायचं नाही, काय वाजणार ते कळायचं. आज पियानो-बेस-ड्रम्स, उद्या दोन सॅक्सोफोन. हळूहळू तीच ती जाळी पुन्हा पुन्हा दिसायला लागली आणि एखादा चेहरा तिला चिकटला. माझ्या कांजीची सुरुवात अशी बेसवाल्यांच्या आडनावांनी झाली. ऑफिसात ‘अहवाल’ वाचता यायच्या आधी मला तीन सुझुकी वेगळे ओळखता यायचे.

पहिल्यांदा पायऱ्या उतरले तो क्लब कोणता ते सांगत नाही. तिथे फार चांगलं वाजलं, आणि बिल बघून मला घाम फुटला. संगीताचे पैसे वेगळे, टेबलाचे वेगळे, पेयाचे वेगळे, आणि न मागता समोर आलेल्या वाटीभर शेंगांचेसुद्धा वेगळे. अशा वाटीला ‘ओतोशी’ म्हणतात, बसलात की येतेच. फसवणूक नव्हती, तिथली रीतच ती. पण महिन्याच्या वीस तारखेला ते कळून उपयोग काय? पुढचे दहा दिवस पिठलं-भात. तेव्हापासून दारातच विचारायला शिकले: सगळं धरून किती? हे वाक्य मी जपानीत आजही बिनचूक म्हणू शकते.

मी राहायचे निशी-कासाईला. २००० च्या आसपास संगणकाच्या कामासाठी आलेल्या भारतीयांनी तिथे बिऱ्हाडं केली, कारण ओतेमाची, कायाबाचो इथल्या कार्यालयांना तोझाई लाइनने थेट जाता येतं. आमच्याकडे चांगली जागा म्हणजे ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’, तशीच तिथेही. या तोझाई लाइनचे माझ्यावर उपकार आहेत. तिच्या काही गाड्या नाकानोला न संपता जेआर रेल्वेच्या रुळांवरून पुढे मिताकापर्यंत जातात, म्हणजे वाटेत ताकादानोबाबा आणि किचिजोजी. दोन्ही जॅझची ठिकाणं, आणि गाडी न बदलता. दादर-चर्चगेट करणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

किचिजोजीचं ‘समटाइम’ १९७५ पासून चालू आहे. विटांच्या भिंतींचं तळघर आणि खोलीच्या मधोमध पियानो. मंच नाहीच. मला एकदा पियानोवाल्याच्या इतकं जवळ बसायला मिळालं की त्याच्या शर्टाची बाही कोपराशी विरलेली दिसत होती, आणि सोलो सुरू झाला की तो दातांच्या फटीतून सुरांबरोबर गुणगुणायचा तेही ऐकू येत होतं. सूर आणि गुणगुण यांत अर्ध्या सुराचा फरक. रेकॉर्डवर हे कोणी राहू दिलं नसतं. ड्रम्सवाला ताशासारख्या ड्रमवर ब्रश गोल गोल फिरवत होता, तांदूळ निवडताना सुपात होतो तसा आवाज. पुढे चार-चार खंडांचे तुकडे पियानो आणि ड्रम्स आळीपाळीने एकमेकांकडे टाकू लागले तेव्हा मला राहवेना, कारण हा सरळ सरळ सवाल-जवाब होता. आजूबाजूला मात्र चिडीचूप. टाळ्या सोलो संपल्यावर, आणि त्याही मोजून.

या शांततेचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे. मला ती निम्मीच पटते. वाजवणाऱ्याचा एकही सूर वाया जात नाही हे खरं, पण कधीकधी परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं. ती त्या किस्साच्या खुर्च्यांतून आली असावी असा माझा तर्क. रेकॉर्डला दाद देऊन काय करणार?

ताकादानोबाबाच्या एका इवल्याशा तळघरात मात्र वेगळंच चालायचं. तिथे जॅम सेशन. दारात वहीत नाव लिहायचं, नावापुढे वाद्य. मालक एकेकाला पुकारतो, ओळखदेख नसलेले चारजण उभे राहतात, कुठली चाल आणि कुठला स्वर एवढं कुजबुजून ठरतं आणि सुरू. विद्यार्थी, टाय सैल केलेले कारकून, एक दंतवैद्य. पहिल्या दिवशी मालकाने पेन पुढे करून विचारलं, वाद्य कोणतं? मी म्हणाले, “किकु दाके.” फक्त ऐकते. तो थोडा थांबला आणि माझ्या नावापुढची जागा मोकळी सोडून पुढे गेला. नंतर नंतर मी आत शिरले की तोच ओरडायचा, “किकु दाके!” आणि कोपऱ्यातलं स्टूल सरकवायचा. तिथून घरी आल्यावर केसांना दोन दिवस सिगरेटचा वास. अशा जागांत धूर बंद करणारा कायदा पुरता लागू झाला २०२० च्या एप्रिलात, तोवर माझा एक कोट त्यासाठीच राखीव होता.

तिथला एक सत्तरीचा नेहमीचा गृहस्थ एकदा म्हणाला, भारतात जॅझ आहे का? मी रंगभवन सांगितलं. मग सी. रामचंद्र सांगितले, ‘अलबेला’ सांगितला, १९५१ चा, आणि त्यातल्या गाण्यात बँडसह पडद्यावर दिसणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. ‘ताज’च्या नाचघरात वाजवणारे, सिनेमाच्या गाण्यांत वाद्यमेळ बांधणारे कितीतरी गोवेकर, आणि ते बहुतेक गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, आमच्याकडे ते काम फिलिपिनो लोकांनी केलं. युद्धाआधी जहाजांवरून, कोबेच्या आणि ओसाकाच्या नाचघरांतून त्यांचे बँड वाजायचे, जपानी वादक त्यांच्याकडून शिकले. तेही चर्चवालेच. मुंबई आणि कोबे या दोन बंदरांचं हे नातं मला कुठल्या पुस्तकात नाही, त्या स्टुलावर कळलं.

आणि ‘पिट इन’. शिंजुकूत १९६५ साली सुरू झालं. सादाओ वातानाबे, तेरुमासा हिनो, योसुके यामाशिता अशा सगळ्या बड्या जपानी जॅझवादकांनी तिथे वाजवलेलं. तिथे खाणं नाही, गप्पा नाहीत, खुर्च्या रांगेने मंचाकडे तोंड करून. गर्दीच्या कार्यक्रमाला बाहेर नंबराने पुकारतात. यामाशितांच्या वेळी माझा नंबर पुकारून गेला तरी मी उभीच, कारण जपानी आकडे शंभरपर्यंत पाठ असणं आणि कोणी भराभर म्हटल्यावर कळणं यांत फरक आहे. पण माझी आवडती वेळ दुपारची. दुपारी तिथे बहुधा नव्या मुलांना वाजवायला देतात आणि तिकीटही संध्याकाळच्या निम्म्याच्या आसपास, पेय धरून.

२०१४ च्या शरदात आई-बाबा आले तेव्हा आईने सरळ सांगितलं, मी डिपार्टमेंट स्टोअर बघते, तुम्ही दोघं जा तुमच्या भोकात. बाबांना घेऊन शनिवारच्या दुपारी पिट इनला गेले. जिना ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. तिसऱ्या रांगेत बसलो. पियानो, बेस, ड्रम्स आणि अल्टो सॅक्सोफोन वाजवणारी एक पंचविशीची मुलगी.

पहिली दहा मिनिटं बाबा मांडीवर बोटं मोजत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “चार मात्रांचे आठ खंड, असं चार वेळा. तिसऱ्या वेळी चाल बदलते. अंतराच की हा!” मला सहा वर्षांत कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी ‘हळू बोला’ म्हणून खूण केली. दुसऱ्या चालीत त्या मुलीने वरचा एक सूर लावून धरला, बाकी सगळे खाली उतरत गेले आणि ती शेवटच्या क्षणी उडी मारून त्यांच्याबरोबर पहिल्या मात्रेवर आली. बाबा मोठ्याने म्हणाले, “क्याऽ बात है!”

सगळी खोली वळली. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. बेसवाला मात्र हसला आणि त्याने ड्रम्सवाल्याकडे बघून भुवई उडवली, बस. ती मुलगी डोळे मिटून वाजवत होती, तिच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “बाबा, इथे असं ओरडत नाहीत.”

“मग त्यांना कळणार कसं?”

शिंजुकू-सानचोमेच्या स्टेशनकडे चालताना ते गप्प होते. मला वाटलं, दुखावले. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, “तिकीट किती होतं?” मी आकडा सांगितला. “त्यात पेय पण?” हो. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार मांडला. क्लबचं भाडं, वीज असं पुटपुटत काहीतरी वजा केलं, चाराने भागलं. खाली आलेला आकडा दोनदा तपासला, निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नव्हती.

“चौघांना हे एवढंसं? चौदाच माणसं होती ना आत?”

“आपल्याला सोडून?”

“आपल्याला धरून.”

सिग्नल हिरवा झाला होता. बाबा म्हणाले, “संध्याकाळी अजून कोणी वाजवणारं आहे का? आईला फोन कर.”