एकाच पत्त्यावर दोन आकडे

उष्णा तांदूळ काढणाऱ्या राईस मिलीत मालकाचा जीव ड्रायरमध्ये अडकलेला असतो. उकडून निघालेल्या धानात तीस टक्क्यांच्या पुढे ओलावा असतो. भरडायच्या आधी तो १४ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. फार वाळला की कणी वाढते, ओला राहिला की माल खराब होतो. देवरीत बसून मी या ड्रायरचे कंट्रोलर बनवतो. आतली चिप एसटीएम३२एच७४५. तिच्यात दोन कोर आहेत: ४८० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम७ आणि २४० चा एम४. ओलावा मोजणं आणि गरम हवेची झडप सांभाळणं हे एम४ चं काम. पडदा आणि नोंदी एम७ कडे.

चाचणीच्या वेळी ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, आकडा हालतच नाही जी." खरंच, पडद्यावर १७ च. झडप मात्र नीट चालत होती, म्हणजे एम४ ला खरा ओलावा कळत होता. गंमत पुढेच. आलेखाचं पान उघडलं की आकडा एकदम १५ वर यायचा आणि मुख्य पानावर परतलं की पुन्हा चिकटायचा.

सेन्सर बदला, वायर बदला, असले सल्ले अशा वेळी भरपूर मिळतात. वायरचा यात काही संबंध नव्हता. एम७ कडे १६ केबीची डेटा कॅश असते, एम४ कडे ती नसतेच. एम४ सामाईक रॅममध्ये ताजा आकडा लिहीत होता आणि एम७ आपल्या कॅशमधली जुनी प्रत वाचत होता. पत्ता एकच, आकडे दोन. या चिपमध्ये त्यांचा मेळ आपोआप बसत नाही. आलेख काढताना इतका डेटा फिरायचा की जुनी प्रत कॅशबाहेर फेकली जायची, म्हणून तेवढ्यापुरता आकडा हलायचा. व्हेरिएबलला 'व्होलाटाइल' लावून हे सुटत नाही. तो शब्द कंपायलरसाठी आहे, कॅशला त्याचा पत्ताच नसतो.

उपाय दोन. वाचण्याआधी कॅशची तेवढी ओळ रद्द करायची, किंवा मेमरीच्या भागांचे नियम ठरवणाऱ्या एमपीयूमधून सामाईक भाग कॅशबाहेर ठेवायचा. मी दुसरा निवडतो. कॅशची ओळ ३२ बाइटची असते. ती रद्द करताना शेजारी एम७ चा स्वतःचा, अजून रॅममध्ये न उतरलेला डेटा असेल तर तोही जातो. मोजक्या बाइटांसाठी एवढी जोखीम कशाला?

तरी एक कोर लिहीत असताना दुसऱ्याला रोखायचं कसं, हा कुलपाचा प्रश्न उरतो. देवरीजवळच्या सिरपूर धरणाचा बाघ प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांचा. पाणी सामाईक असलं तरी दार कोणी उघडायचं हे आधी ठरलेलं लागतं. माझी सामाईक रॅम म्हणजे एसरॅम४; तिच्या ६४ केबीतही प्रत्येक नोंदीत लिहिणारा कोर एकच. चिपमध्ये ३२ हार्डवेअर सेमाफोर, म्हणजे तयार कुलपं, आहेत, पण झडपेच्या कामात मी ते वापरत नाही. एम७ कुलूप धरून पडदा रंगवत बसला, तर एम४ ने भट्टीची गरम हवा तशीच सोडून वाट बघायची का?

त्याऐवजी नोंदीच्या डोक्यावर क्रमांक ठेवतो. लिहायला घेताना एम४ तो विषम करतो, मग ओलावा आणि तापमान लिहितो, शेवटी क्रमांक सम करतो. मध्ये डीएमबी बॅरियर, नाहीतर क्रम उलटसुलट होऊ शकतो. एम७ वाचण्याआधी आणि नंतर क्रमांक बघतो. विषम असेल किंवा बदललेला असेल, तर पुन्हा वाचतो. म्हणजे थांबायचं कोणी, तर पडद्याने.

आणि आमच्याकडची लाइट! गेली आणि लगेच आली, तर रॅममध्ये मागचा मजकूर कधीकधी जसाच्या तसा टिकतो. कोरांनी एकमेकांना द्यायची 'सगळं तयार' ही जुनी खूणही त्यात असते. म्हणून एम४ ला आधी बूट होऊच देत नाही. एम७ उठतो, ती खूण आणि क्रमांक पुसतो, एमपीयू लावतो आणि मगच एम४ ला सोडतो.