इतर हक्कांचा रकाना

पुतण्याने राजूरला जमीन-भूखंडांच्या दलालीचे काम सुरू केले, तेव्हा त्याच्याजवळ एक दुचाकी आणि घराण्याचे नाव एवढेच भांडवल होते. अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनास लोटणाऱ्या गर्दीत त्याने पत्रके वाटली. ग्राहक एकही आला नाही. गृहप्रकल्पांत विक्री करणाऱ्या दलालास २०१७ पासून महारेराची नोंदणी सक्तीची आहे. शेतजमिनीच्या दलालाजवळ मात्र शब्दाखेरीज दाखवण्यासारखे काही नसते.

सहा महिन्यांनी पहिला व्यवहार जुळत आला. जमीन माझ्या स्नेह्याची, ग्राहक जालन्याचे एक निवृत्त गुरुजी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात पीककर्जाचा बोजा होता आणि गुरुजींच्या तो लक्षात आला नव्हता. मी म्हणालो, ‘‘आधी इसार होऊ दे. बोजा त्याच पैशांतून उतरेल.’’

‘‘काका, उतरणारच असेल, तर आधी सांगायला काय हरकत?’’

त्याने सांगितले. गुरुजी मागे फिरले, दलाली गेली आणि स्नेह्यांनी माझ्याशी अबोला धरला.

बँकेत कर्जप्रकरण आले की हाच रकाना मी सर्वांत आधी वाचत असे. घरचा लाभ दिसताच तो झाकावा असे मला वाटले, याची खंत आजही आहे.

चार महिन्यांनी गुरुजींनी आपल्या व्याह्यांना पाठवले. त्यांनी दारातच विचारले, ‘‘बोजा सांगणारा मुलगा तो हाच का?’’

पहिली दलाली त्यांच्या व्यवहारातून मिळाली. पुतण्या आता जमीन दाखवण्यापूर्वी सातबारा आणि फेरफार ग्राहकाच्या हाती देतो. नवशिक्या तरुणांना मी सल्ला देत नाही. एवढा प्रसंग सांगतो.