दुरुस्ती

माझ्या लेखनाची पहिली आवृत्ती एकाच प्रतीची निघाली. मोर्शीतल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ती चार टाचण्यांवर लटकत असे. हे आमचे भित्तिपत्रक! दर शनिवारी निघे. त्यात सुविचार, कोडी, थोरांच्या जयंत्या आणि ‘शाळेत नवा माठ आणला’ यासारख्या खळबळजनक वार्ता असत. सातवीत माझे अक्षर बरे म्हणून गुरुजींनी मला संपादक केले. संपादकाला अक्षरापलीकडे आणखी काही लागते, हे मला ठाऊक नव्हते.

३० जुलै १९९१, मंगळवार. पलीकडे नागपूर जिल्ह्यात, वर्धेच्या काठच्या मोवाड गावात पुराचे पाणी शिरले. दोनशेहून अधिक माणसे गेली. हीच वर्धा पुढे आमच्या तालुक्यातून वाहते आणि तिच्या दोन्ही तीरांवर आमच्या सोयरिकी आहेत. त्या आठवड्यात मोर्शीत दुसरा विषय नव्हता. एस.टी. स्टँडवर, पानठेल्यावर माणसे घोळक्याने बोलत आणि मी कान टवकारून हिंडत असे. खरे सांगायचे तर मला दुःख फारसे नव्हते. मोठी बातमी हाती लागली याचा आनंदच होता.

शनिवारचा अंक मी एकट्याने लिहिला. मथळा लाल शाईने काढला. पानठेल्यावर ऐकले ते सारे त्यात घातले आणि शेवटी, आमच्याच शाळेतल्या पाचवीच्या एका मुलाच्या मामाचे सारे कुटुंब वाहून गेले, असेही लिहिले. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात ही गर्दी! मी खांबाआडून ती डोळे भरून पाहत होतो. एवढ्यात तो पाचवीतला मुलगा आला. त्याने बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि दप्तर तिथेच टाकून तो घराकडे पळत सुटला.

गुरुजींनी मला बोलावले.

“हे कुणी सांगितले?”

“लोक म्हणत होते.”

“लोक? हजेरीपटावर हे नाव मला सापडत नाही. त्याच्या घरी विचारलेस?”

मी मान खाली घातली. त्यांनी छडी उचलली नाही. चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाले, “चल.”

दारातूनच रडणे ऐकू आले. मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती, भोवती शेजारणी. नवरा बुधवारीच खबर काढायला गेला होता. तेव्हापासून ती बाई आशेवर तग धरून होती आणि तिची आशा मी लाल शाईने खोडली होती. गुरुजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. “बाई, पोराने ऐकीव लिहिले. लावण्याआधी मी वाचले नाही, ही चूक माझी.”

रविवारी संध्याकाळी नवरा परतला. मेहुणा, त्याची बायको आणि लेकरे एका पक्क्या घराच्या गच्चीवर जाऊन वाचली होती. म्हातारी सासू मात्र गेली. सोमवारी त्या मावशींनी मला बोलावून घेतले. मला वाटले, आता मार बसणार.

“काहून रे बाबू, तवा कोनाले न इचारता लेहलं. आता मी सांगतो थे लेह. माह्या भाऊ जित्ता हाय. माह्यी माय गेली. तिचं नाव लेह.”

त्यांनी नाव सांगितले. मी दोनदा विचारून घेतले. मग म्हणाल्या, “वाचून दाखव.” मी वाचले. त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. ती हललेली मान मला शनिवारच्या सगळ्या गर्दीपेक्षा मोठी वाटली. बातमीचे वेड मला लागले ते त्या ओसरीवर.

दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावली. शाई मात्र निळी. गर्दी झाली नाही. पाचवीतला तो मुलगा तेवढा आला आणि बोट ठेवून वाचून गेला.

त्यानंतर माझ्या खिशात कायम एक छोटी वही असे. ऑगस्टात आंबिया बहाराची संत्री गळू लागली, तेव्हा मी बागेत जाऊन झाडाखालची फळे मोजली आणि तोच आकडा लिहिला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मराठीतले पहिले वृत्तपत्र काढले व त्याचे नाव ‘दर्पण’ ठेवले, हे गुरुजी दरवर्षी सांगत. त्या शनिवारपर्यंत त्या आरशात मी माझेच तोंड पाहत होतो!

मी पत्रकार झालो नाही. मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. कादंबरीतली माणसे मारताना-जगवताना कुणाला विचारावे लागत नाही, ही मोठी सोय. पण माझ्या शाळेतली मुले भित्तिपत्रक काढतात. आता खबर पानठेल्यावरून येत नाही, मोबाइलवरून येते.

“सर, मेसेज आला आहे.”

“मेसेज? कोणत्या वर्गात आहे तो?”

मुले हसतात. मग वही-पेन्सिल घेऊन विचारायला निघतात. फाटकाबाहेर पडणाऱ्या त्या पाठमोऱ्या पोरांचा मला अजून हेवा वाटतो.