हाताचा कंप आणि माझी पहिली बीटल

"डॉक्टर, हात थरथरतो. कंपवात तर नसेल ना?" हा प्रश्न मला ओपीडीत नेहमी विचारला जातो. दोन वर्षांपूर्वी मी तो स्वतःला विचारला. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात होता. त्यामुळे माझ्यासाठी तो प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता.

निमित्त झालं एका खेळण्याचं. खेळणं म्हटलं की माझ्या मुलाला राग येतो. त्याच्या मते ते 'स्केल मॉडेल'. जपानच्या तामिया कंपनीचा, 1966 च्या फोक्सवॅगन बीटलचा किट त्याने मला पन्नाशीनिमित्त दिला. प्रमाण 1/24, म्हणजे खऱ्या गाडीची चार मीटरची लांबी इथे सतरा सेंटीमीटर. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग कटरने कापायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, रंगवायचे, जोडायचे. बीटलचं इंजिन मागे असतं आणि ते हवेने थंड होतं, रेडिएटर नसतोच, हे मला ते इंजिन स्वतः जोडताना नीट कळलं.

पहिली अडचण डोळ्यांची. चाळिशीचा चष्मा साधारण हातभर अंतरावरच्या वाचनासाठी असतो. हे काम वीतभर अंतरावरचं. तिथे तो चष्मा अपुरा पडतो आणि माणूस नकळत मान पुढे काढून बसतो. मानदुखीचे निम्मे पेशंट असेच बसत असतील, असं मला तेव्हा वाटलं. स्टँडचं भिंग आणि डावीकडून येणारा दिवा घेतल्यावर मान सरळ झाली. (तुम्ही डावखुरे असाल तर दिवा उजवीकडे.)

मग आली खिडक्यांभोवतीची चंदेरी पट्टी. ब्रश टेकवायला गेलो की टोक थरथरायचं. चिमट्यात वायपर धरला तरी तेच. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

इथे थोडं शास्त्र. प्रत्येक निरोगी माणसाचा हात सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा कापतो. एरवी ते दिसत नाही. चहा-कॉफी, थकवा, जागरण, चिंता, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, थायरॉइडचं वाढलेलं काम यांनी ते वाढतं आणि ब्रशचं टोक ते लगेच दाखवून देतं. पार्किन्सन्सचा कंप बहुधा वेगळा असतो: हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, सेकंदाला 4 ते 6 वेळा, सुरुवात बहुतेकदा एका बाजूने, आणि हात कामाला लागला की कमी होतो. जोडीला हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात कमी हलतो. वडिलांचं पहिलं लक्षण अक्षरच होतं. बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला होता. तिसरा प्रकार 'इसेन्शियल ट्रेमर'. त्यात काम करतानाच हात कापतो, कप उचलताना, सही करताना, आणि तो अनेकदा घराण्यात चालतो.

डॉक्टरने स्वतःचं निदान स्वतः करू नये. मी न्यूरॉलॉजिस्ट मित्राकडे गेलो. त्याने मला चालवलं, बोटं टिचक्यांसारखी भरभर जुळवायला लावली, कागदावर चकलीसारखी गुंडाळी काढायला लावली, थायरॉइडची तपासणी केली. निष्कर्ष: नेहमीचाच कंप, रात्री नऊला घेतलेल्या चहाने वाढलेला. पार्किन्सन्स बहुतेक रुग्णांमध्ये आनुवंशिक नसतो, हे मी पेशंटना किती वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी ते दुसऱ्याकडून ऐकताना बरं वाटलं.

चहा दुपारी चारनंतर बंद केला. कोपर टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून, श्वास हलका सोडत रेघ ओढायची, हे सर्जन लोकांचं तंत्र. पट्टी दोन संध्याकाळींत झाली.

आता रसायनांबद्दल, कारण मुलंही हे करतात. प्लॅस्टिकच्या सिमेंटमधलं द्रावण प्लॅस्टिक विरघळवून जोडतं. त्याची आणि स्प्रे रंगांची वाफ डोकं जड करते. खिडकी उघडी हवी. एन-95 मास्क कण अडवतो, वाफ नाही. त्यासाठी कार्बनचं फिल्टर असलेला मास्क लागतो. सुपरग्लूने बोटं चिकटली तर ओढू नका, कातडी निघते. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काचांना तो लावूच नये, वाफेने त्या पांढऱ्या पडतात. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो.

बीटल आता माझ्या ओपीडीच्या टेबलावर असते. कंपाची तक्रार घेऊन कुणी आलं की मी ती त्यांच्या हातात देतो आणि हात कसा पुढे येतो, कसा स्थिरावतो ते पाहतो. उजवीकडचा आरसा आतापर्यंत दोनदा निघाला आहे.