माप रुग्णाच्या अंगठ्याचे

आमच्या दवाखान्यात प्रथमच पाऊल ठेवणारा रुग्ण बहुधा दोन प्रश्न विचारतो. ‘‘डॉक्टर, सुया फार टोचतात का हो?’’ हा पहिला. आणि ‘‘ही विद्या शिकायला तुम्ही चीनला गेला होता का?’’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्याला क्षणभरात आपोआप मिळते. दुसऱ्याचे उत्तर थोडे लांबचे आहे. आम्ही चीन पाहिलेला नाही. आम्ही कलकत्त्याला गेलो. परंतु चीनहून कलकत्त्यापर्यंत ही विद्या आणणारे गृहस्थ सोलापूरच्या एका सुपुत्राचे सोबती होते, हे सांगितले की रुग्णाची भीती निम्मी सरते.

सन १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि बंगालचे डॉ. मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्याच भूमीत देह ठेवला. त्यांची कथा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचवली. बसू मायदेशी परतले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी त्याचा उपचार व अध्यापन सुरू केले. ज्यांना औषध देण्यासाठी आपण गेलो होतो, त्यांच्याच चरणांशी पुढे विद्यार्थी होऊन बसण्यास फार मोठे मन लागते.

त्या बसूंच्या एका शिष्याकडे १९९४ साली आम्ही जाऊन पोहोचलो. वसईत आमची दहा वर्षे साधी डॉक्टरकी झाली होती. वाडीत राबून गुडघे झिजलेली, वेदनाशामक गोळ्यांनी पोट जाळून घेतलेली माणसे रोज समोर बसत. गोळ्यांवाचून काही देता येईल का, या एकाच ध्यासाने आम्ही हावडा स्थानकावर उतरलो होतो.

सरांचा दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन बाके आणि पंख्याचा करकर आवाज. पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हांला माणसाला हात लावू दिला नाही. घडी घातलेल्या कागदांत आणि साबणाच्या वडीत सुई फिरवायची. ती न वाकता सरळ जाऊ लागली की मग स्वतःच्या पायात. गुडघ्याखालचा ‘त्सू-सान-ली’ हा बिंदू आम्ही प्रथम स्वतःवरच शोधला. टोचण्याची वेदना नव्हती. काही क्षणांनी एक जडपणा, मंद ठसठस पायभर पसरली. ‘‘आता सुईला उत्तर मिळाले,’’ सर म्हणाले.

या शास्त्रात १४ वाहिन्यांवर ३६१ बिंदू मानलेले आहेत. ते पाठ करणे कठीण नाही. जिवंत अंगावर शोधणे कठीण. त्यासाठी ‘त्सुन’ नावाचे माप असते. एक त्सुन म्हणजे अंगठ्याच्या सांध्याची रुंदी, तीन त्सुन म्हणजे जोडलेल्या चार बोटांची. एकदा आम्ही घाईघाईने आपलेच बोट एका किरकोळ वृद्धेच्या पायाला लावून मोजू लागलो. सरांनी आमचा हात बाजूला सारला. ‘‘अंगठा तुमचा नाही, त्यांचा. माप नेहमी रुग्णाचे.’’ मूल असो वा पहिलवान, प्रत्येकाचे माप त्याच्याच देहात आहे. आम्ही वहीत हे वाक्य लिहून घेतले आणि ते आपल्याला समजले, असे मानले.

वसईला परतल्यावर आमचे नाव लवकर झाले. आखडलेल्या माना सैल होत, गुडघे वळत. बाहेर चपलांची रांग लागे. त्या यशाच्या भरात एक बाई आल्या. रोज पहाटेच्या गाडीने दादरला फुलांची पाटी नेणाऱ्या. पाठ दुखते म्हणाल्या. पाटीचेच ओझे, असे आम्ही मनाशी ठरवले आणि सुया लावल्या. त्यांना आराम पडला. आठ वेळा त्या आल्या, आठही वेळा हसत गेल्या. नवव्या वेळी त्यांना मुलाने धरून आणले. पायांतील बळ गेले होते. क्ष-किरण चित्रात मणक्याचा क्षयरोग स्पष्ट दिसला. आमच्या सुयांनी वेदना झाकली होती आणि आत हाड झिजत होते.

त्या रात्री आम्ही सरांना सविस्तर पत्र लिहिले. त्यात समर्थनच अधिक होते. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आले, त्यावर एकच ओळ: ‘‘रात्री ताप येतो का, हे विचारले होते का?’’

विचारले नव्हते. ताप येत होता, वजन घटत होते. आम्ही विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा साधा प्रश्न आम्ही नव्या विद्येच्या कैफात विसरलो होतो. आमच्याच अंगठ्याने आम्ही त्यांचे दुखणे मोजले होते.

प्रदीर्घ औषधोपचाराने त्या बाई बऱ्या झाल्या, चालू लागल्या. पाठ मात्र किंचित वाकलेली राहिली. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, दुसऱ्या कुणाचं असं होऊ देऊ नका.’’ क्षमेचे याहून जड रूप आम्हांला ठाऊक नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला, पुढे महाराष्ट्रानेही केला, आणि २०१९ साली केंद्र शासनाने स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून तिला मान्यता दिली. दुसरीकडे, अनेक चाचण्यांत खोट्या सुयांनीही पुष्कळांना आराम पडल्याचे दिसले आहे. म्हणून आम्ही कुणाला चमत्काराचे आश्वासन देत नाही. जुनाट वेदनेला उतार पडू शकतो, एवढेच सांगतो. आणि जे सुईचे काम नाही, त्याची चिठ्ठी लिहून रुग्णालयात पाठवतो.

सर आज हयात नाहीत. त्यांचे पोस्टकार्ड आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे; शाई पुसट झाली असली तरी अक्षरे लागतात. नवा रुग्ण सुयांकडे भीतीने पाहत असतो, तेव्हा आम्ही डबी उघडण्याआधी त्याला म्हणतो, ‘‘घाई नाही. आधी सगळे सांगा.’’