डोक्याला पागोटे, समोर आरसा

‘अय्यावळी पंथातला देव’ या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहा, पण पारिभाषिक शब्द शक्यतो टाळा, असे संपादकांनी कळवले. विषय वाचून मनापासून आनंद झाला. मराठीत या पंथाविषयी सहसा कोणी विचारत नाही. अट मात्र पूर्ण पाळता येईल असे वाटत नाही. इथल्या प्रत्येक पारिभाषिक शब्दामागे कोणीतरी खाल्लेला मार आहे, आणि शब्द गाळला की तो मारही गाळला जातो.

मी राहते तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधल्या पापनाशममध्ये. (तिरुनेलवेलीकडे ताम्रपर्णीच्या काठी आणखी एक पापनाशम आहे, ते हे नव्हे.) आमच्या रामलिंगस्वामींच्या देवळात एकशे आठ लिंगे आहेत. खर-दूषणांना मारल्याचे पाप फेडण्यासाठी रामाने ती स्थापली, अशी कथा. अय्यावळीची भूमी इथून बरीच दक्षिणेला, कन्याकुमारीजवळच्या स्वामितोप्पु गावात. तिथे गाभाऱ्यात लिंग नाही, मूर्ती नाही. आरसा आहे आणि त्याच्यापुढे तेलाचे दोन दिवे. पुजाऱ्याची आरती नाही, कापूर नाही, नारळ फोडणे नाही, बळी नाही.

१८०९ च्या सुमारास त्या गावी, त्रावणकोर संस्थानाच्या दक्षिण टोकाला, ताडाच्या झाडांवर पोट असलेल्या चाणार जातीत, म्हणजे आजच्या नाडार समाजात, एक मूल जन्मले. आईबापांनी नाव ठेवले मुडिसूडुम पेरुमाळ, म्हणजे मुकुट घातलेला विष्णू. वरच्या जातींनी हरकत घेतली आणि ते नाव बदलून मुत्तुकुट्टी करावे लागले. विशीत हा तरुण आजारी पडला. आई त्याला तिरुचेंदूरला घेऊन गेली. तिथे तो समुद्रात शिरला आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आला, तो मुत्तुकुट्टी म्हणून नव्हे, नारायणाचा पुत्र वैकुंडर म्हणून. हे साल १८३३. पुढे सहा वर्षे तप, सगळ्या जातींनी एकत्र पाणी घ्यावे यासाठी एकच विहीर, त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या तुरुंगात काढलेले महिने, आणि १८५१ मध्ये वैकुंठगमन. चरित्र एवढ्यावर सोडते, कारण खरी गुंतागुंत त्यांच्या ग्रंथात आहे.

ग्रंथाचे नाव अकिलत्तिरट्टु अम्मानै, थोडक्यात अकिल. हरिगोपालन या शिष्याने तो १८४१ मध्ये ताडपत्रांवर लिहिला, छापला गेला १९३९ मध्ये. ओळी पंधरा हजारांवर. नारायण लक्ष्मीला गोष्ट सांगतो आहे, असा त्याचा घाट. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत अय्यावळीचे सार ‘एकम्’ या कल्पनेत सांगितले जाते: सगळे एकातून निघाले, शिव, विष्णू, ब्रह्मदेव त्याच एकाची रूपे. ते खरेच आहे. पण ग्रंथ वाचणाऱ्याला पानोपानी भेटतो तो वेगळाच प्रश्न: जगात वाईट आले त्यात देवांचा हात किती?

ग्रंथात युगे चार नाहीत, आठ आहेत. पहिल्या युगात क्रोणी नावाचा असुर सगळे गिळायला निघतो. विष्णू त्याचे सहा तुकडे करतो, पण तुकडे मरत नाहीत. पुढच्या युगांत एकेक तुकडा जन्म घेत राहतो. रावण त्यांतलाच, दुर्योधन त्यांतलाच. शेवटचा तुकडा कलियन. हा शिवाकडे वर मागायला जातो आणि शिव त्याला मंत्र, तंत्र, सत्ता, मागेल ते देऊन टाकतो. म्हणजे कलियुग हे देवाच्या हातून सुटलेले दान आहे. इतक्या उघडपणे देवाला जबाबदार धरणारी कथा मला दुसरीकडे क्वचितच भेटली.

आता नारायण काय करतो? शस्त्र उचलत नाही. तो पंडाराच्या, म्हणजे भिक्षेकरी गोसाव्याच्या वेषात कलियनला रस्त्यात गाठतो आणि वदवून घेतो की पंडारांना मी कधी छळणार नाही, छळले तर माझे सगळे बळ जावो. पुढे नारायणाचा पुत्र समुद्रातून येतो तो पंडार होऊनच. त्याला छळावे आणि छळणाऱ्याने स्वतःच्या शपथेने मोडावे, हा त्या अवताराचा सगळा डाव. या देवाला धनुष्य नाही, चक्र चालवायचे नाही. त्याला सहन करायचे आहे. तिरुचेंदूरच्या समुद्रात पिता पुत्राला उपदेश करतो, त्याला ‘विंचै’ म्हणतात; त्यात आज्ञा आहेत, आणि देव देवाची आज्ञा ऐकतो आहे. वैकुंडर हे नारायणच, आणि नारायणाचे पुत्रही. दोन्ही विधाने ग्रंथ शेजारी ठेवतो आणि जुळवून देत नाही. पिता-पुत्र म्हटले की लगेच ख्रिस्ती प्रभाव शोधणारे भेटतात. लंडन मिशनरी सोसायटीचे काम त्या भागात १८०६ पासून होते, हे खरे. पण समुद्रात मगरीच्या रूपातल्या लक्ष्मीच्या पोटी जन्मणारा पुत्र बायबलमधून आलेला नाही, एवढे तरी मान्य करावे.

आणि आता आरसा. इथे मी थोडी जास्त जागा घेणार आहे.

आरशाचा सर्वत्र सांगितला जाणारा अर्थ असा: देव तुझ्या आत आहे, तूच ब्रह्म आहेस. पाहुण्यांना हेच सांगतात, पुस्तकांत हेच छापतात. ऐकणारा सुखावतो, कारण त्याला हे आधीच ठाऊक असते. या अर्थाला बळ मिळाले त्यात नारायण गुरूंचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९२७ मध्ये केरळात कळवंकोडच्या देवळात आरसा बसवला. गुरू अद्वैती होते, त्यांच्या आरशाचा अर्थ त्यांच्या इतर लेखनाशी जुळतो. पण जवळजवळ शंभर वर्षे आधीच्या स्वामितोप्पुच्या आरशाला तोच अर्थ मागे नेऊन चिकटवायचा, हे मला पटत नाही. अद्वैतात आरशातले प्रतिबिंब हे मायेचे उदाहरण असते. प्रतिबिंब खोटे, बिंब खरे. इथे उलट आहे. इथे प्रतिबिंबालाच नमस्कार आहे.

शिवाय त्या आरशासमोर माणूस कसा उभा राहतो ते पाहा. पुरुष डोक्याला पागोटे बांधून उभा राहतो. आमच्याकडे देवळात डोके उघडे ठेवतात, इथे झाकलेच पाहिजे. कारण त्रावणकोरात चाणाराला पागोटे बांधायची मनाई होती. कपाळावर ज्योतीच्या आकाराचे पांढरे नाम ओढलेले असते. आरशात जे दिसते तो देहाच्या पलीकडला आत्मा नव्हे. ते एक डोके आहे, ज्याच्यावर कापड चढायला राज्याची परवानगी नव्हती. ज्या मुलाला मुकुटाचे नाव नाकारले, त्याच्या मंदिरात प्रत्येकाच्या डोक्याला मुकुट आहे. हे अद्वैत असेल तर ते देहासकट आहे, जातीने जिथे घाव घातला त्या जागेसकट. आरशाला नुसते तत्त्वज्ञान बनवले की पागोटे गळून पडते. माझा आक्षेप तेवढ्यासाठी आहे आणि तो मी सोडणार नाही.

या विषयात मराठी माणसाला तटस्थ राहता येत नाही, निदान आम्हा तंजावरी मराठ्यांना तरी नाही. स्वाती तिरुनाळ यांचे शिक्षक आणि पुढे दिवाण झालेले सुब्बराव तंजावरचे. त्याच काळात दिवाणपद भूषवलेले वेंकटराव कुंभकोणमच्या मराठी घरातले. तंजावरी कीर्तनकार मेरुस्वामी त्याच दरबारात मानाने राहिले. महाराज स्वतःला पद्मनाभाचा दास म्हणवत आणि त्याच विष्णूचा पुत्र म्हणवणारा चाणार त्यांच्या तुरुंगात होता. कीर्तनातला नारायण आणि कोठडीतला नारायण एका शहरात होते. वेंकटरावांचे पुतणे सर टी. माधवराव, ज्यांना महाराष्ट्र बडोद्याचे दिवाण म्हणून ओळखतो, १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले आणि १८५९ मध्ये त्रावणकोरचे दिवाण होते. नाडार स्त्रियांनी छाती झाकावी की नाही यावरून कित्येक वर्षे चाललेला संघर्ष त्या वर्षी जाहीरनाम्याने मिटवला गेला. झाकायला परवानगी मिळाली, पण वरच्या जातींच्या बायका झाकतात तशी पद्धत नको, या अटीवर. माधवरावांच्या कर्तबगारीचा मलाही अभिमान आहे. ती अट वाचली की तो अभिमान अडखळतो.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर महानुभावांचे घ्यावे. तिथेही परमेश्वर एकच, आणि तो माणसाच्या देहात, चक्रधरांच्या रूपात, गावोगाव हिंडला. तिथेही इतर देवतांची पूजा वर्ज्य. पण महानुभावांत देवता आणि परमेश्वर हे कायमचे वेगळे पदार्थ आहेत. देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, कधीच शकणार नाहीत. अकिलमध्ये देवता आपले बळ वैकुंडरांच्या स्वाधीन करतात, देवी त्यांच्याशी विवाह करून त्यांच्यात मिळून जातात. कन्याकुमारीची भगवतीसुद्धा. म्हणजे जुने देव खोटे ठरत नाहीत, त्यांची सत्ता हलते. परमपद युगाप्रमाणे हात बदलते, ही कल्पना पचवायला कठीण आहे, आणि नेमकी तीच ‘सगळे देव एकच’ या वाक्याखाली झाकली जाते.

मार्च २०२४ मध्ये तमिळनाडूच्या राज्यपालांनी वैकुंडर सनातन धर्माच्या रक्षणासाठी आले, असे म्हटले. स्वामितोप्पुच्या प्रमुखांनी त्याला हरकत घेतली. तेव्हापासून मला येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असतो: म्हणजे हे हिंदूच ना? जनगणनेत त्यांना हिंदूंतच मोजतात. ग्रंथात शिव आहे, विष्णू आहे, भारत आणि रामायण आहे. आणि त्याच ग्रंथात त्रावणकोरचा राजा नीच आहे, देवळाला काणिक्कै म्हणजे देणगी-दक्षिणा नको आहे, आणि तळाला पडलेल्याला उचलणे हाच धर्म आहे. विचारणाऱ्याला हो किंवा नाही ऐकायचे असते, यातले काहीच नको असते. याचा मला शीण येतो. एखाद्या लोकसमूहाने देवाविषयी पंधरा हजार ओळी विचार केला, आणि आपण त्याला रकाना विचारतो.

माझे वय आता वाढले आहे, डोळे ताडपत्राला साथ देत नाहीत. मराठी येणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकाने तमिळ शिकून अकिल आणि लीळाचरित्र शेजारी ठेवून वाचावे, अशी फार इच्छा आहे. दोन्हीकडे देव रस्त्याने चालतो, दोन्हीकडे त्याला छळतात, दोन्हीकडे शिष्य ते लिहून ठेवतो. चक्रधर महाराष्ट्रातून उत्तरेला निघून जातात. वैकुंडर मात्र येऊ घातलेल्या धर्मयुगात राज्य करायला थांबलेले आहेत. निघून गेलेला देव आणि थांबलेला देव यांची भक्ती वेगळी कशी घडते, याचे उत्तर शोधायला कोणी आले तर पापनाशमला आधी उतरावे. माझ्याजवळची टिपणे त्यांची आहेत.